सरोवराकडची भिंत

२० जुलै २००९

ऑरिन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच बाजूला ठेवशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते: घर विकण्याबद्दल यात एक शब्दही नाही. आईच्या अंत्यविधीनंतर अंगणात आपण जे बोललो त्याबद्दलही नाही. मला रंगाबद्दल विचारायचंय. रंगातलं कळणारं माणूस माझ्या माहितीत तूच एक आहेस. तू तिकडे न्यू मेक्सिकोत मातीची घरं रंगवतोस आणि मी इथे लाकडाच्या घरात राहते, पण रंग तो रंगच असणार.

जूनमध्ये विमा कंपनीचा एक माणूस येऊन घराचे चारही बाजूंनी फोटो काढून गेला. मी पडद्याआडून बघत होते. बाहेर जाऊन कोण म्हणून विचारायचंही धाडस झालं नाही. मग पत्र आलं. रंग सोलला आहे, फळ्या उघड्या पडल्या आहेत, सप्टेंबर संपायच्या आत घर रंगवलं नाही तर विमा रद्द. छपराच्या वेळी बँकेकडून कर्ज घेतलं होतं. विमा गेला तर बँक काय करेल हे कागदावर नीट लिहिलंय, पण ते मी एकदाच वाचलं.

गावातले दोघंही रंगारी थंडी पडेपर्यंत अडकलेले आहेत. एकाने तर 'पुढच्या वर्षी बघू' म्हटलं, जणू मी नाताळच्या जेवणाचं आमंत्रण दिलं होतं. मी बासष्ट वर्षांची आहे, ऑरिन. ब्रश घेऊन या वयात दुमजली घर रंगवायला बसले तर पहिला बर्फ मला शिडीवरच गाठेल.

शेजारची बेव म्हणते, रंग फवारायचं यंत्र घे. बेव कोतिला, लाल गॅरेजवाली. तिच्या जावयाने अख्खं कोठार दोन दिवसांत रंगवलं. तू अशीच यंत्रं वापरायचास, आठवतं मला. व्हॅनच्या मागे तो पंप धडधडत असायचा आणि आई म्हणायची, याला बाहेर ठेव, माझी बशी हलते.

तर कुठलं घेऊ? एवढंच लिही. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

मार्लिस

—

१ ऑगस्ट

ऑरिन,

तुझं उत्तर नाही. ते येणार नाही असं धरूनच मी दुकानात गेले.

दुकानदाराचं नाव कर्ट. माझ्याच वयाचा, कानाला पेन्सिल लावलेला. मी म्हटलं, मला यातलं काही कळत नाही आणि मला यंत्रांची भीती वाटते.

"कशाकशाची वाटते?" त्याने विचारलं.

"यादी नको करायला. दुकान बंद व्हायची वेळ होईल."

तो हसला आणि त्याने तीन प्रकार काढून दाखवले. एक हातात धरायचं, त्याला खालीच छोटं भांडं. कुंपणाला, खुर्च्यांना ठीक, घराला घेतलंत तर रंगवण्यापेक्षा भरण्यातच दिवस जाईल, म्हणाला. दुसरं चाकांचं, मोठं, ठेकेदारांचं. ते भाड्याने मिळतं. "पण तुम्ही सरोवराच्या तोंडावर राहता. यंत्र आणाल त्या दिवशी नेमका वारा सुटेल, आणि वारा पडायची वाट बघत भाडं भरत बसाल." तिसरं मधलं. चार पायांवर उभं राहतं, एक नळी रंगाच्या बादलीत सोडायची, दुसरीकडून लांब पाइप आणि पाइपच्या टोकाला गन. मी ते घेतलं.

मग टिप, गनच्या तोंडाला बसवायची. टिपवर आकडे असतात हे तुला सांगायला नको, पण मला ते कळलं तेव्हा मी शाळेत पहिला नंबर आल्यासारखी खूश झाले. पहिला आकडा दुप्पट केला की फवारा किती इंच रुंद पडेल ते कळतं, आणि शेवटचे दोन म्हणजे भोक केवढं ते. कर्टने पाचशे पंधरा दिली. बरोबर दिली का?

गनवर पिवळा कागद चिकटवलेला आहे. त्यावर एका हाताचं चित्र, आणि बोटात घुसणारी रेघ. मी विचारलं, हे काय?

"हे यंत्र हवेने रंग उडवत नाही, बाई. नुसत्या दाबाने. टिपच्या पुढे हात नेलात तर रंग कातडीतून आत जाईल. नेऊ नका म्हणजे झालं."

त्याने हे इतक्या सहज सांगितलं की जणू दुधाच्या डब्यावरची तारीख बघून घ्या म्हणतोय. मी ते खोकं गाडीत मागच्या सीटवर ठेवलं आणि घरी येईपर्यंत आरशातून त्याच्याकडे बघत होते.

काल अंगणात नुसतं पाणी भरून चालवून पाहिलं. सुरू झाल्यावर पंप खडखडतो, मग पाइप ताठ होतो, जिवंत असल्यासारखा. मग सगळं एकदम गप्प. ते गप्प होणं मला जास्त भयंकर वाटतं. चाप दाबेपर्यंत ते काय करतंय हे कळतच नाही.

मार्लिस

—

१० ऑगस्ट

ऑरिन,

तीन बाजूंना प्रायमर, रंगाखालचा पहिला हात, मारून झाला.

हे मी उभी राहून लिहितेय, कारण बसले तर उठता येणार नाही. आठवडाभर फळ्या खरवडल्या. खिडक्यांना कागद आणि प्लास्टिक लावलं. आत अंधार झाला, दिवसा दिवे लावून जेवत होते. दुकानातून तेलाचा प्रायमर आणला. उघड्या देवदाराला तोच धरतो, नाहीतर लाकडाचे डाग वर येतात, असं कर्ट म्हणाला. त्याचा वास घरात, केसांत, पावात, सगळीकडे आहे.

पहिल्या दिवशी ओघळ आले. मी एका जागी थांबत होते, भीतीने. मग कळलं की हात आधी हलवायला लागायचा आणि चाप मागून दाबायचा, आणि चाप सोडल्यावरच हात थांबवायचा. भिंतीपासून फूटभर लांब, सरळ, मनगट न वळवता. उत्तरेची भिंत होईपर्यंत मला जमायला लागलं होतं. खरं सांगू? मला मजा आली. अर्धा तासभर मी कशालाच घाबरले नाही. माझ्या आयुष्यात असे अर्धे तास फार नाहीत.

तेवढ्यात बेव आली.

"मार्लिस, माझी गाडी निळी आहे ना?"

"आहे की."

"मग तिला पांढरं पुरळ कशाने आलंय?"

वारा फिरला होता आणि मला पत्ताच नव्हता. आम्ही दोघींनी दुपारभर तिची गाडी पुसली. बेव रागावली नाही. ती म्हणाली, नवरा गेल्यापासून एवढ्या जवळून गाडी पहिल्यांदाच बघतेय. पण मी त्या दिवसापासून दर थोड्या वेळाने ओलं बोट वर धरून वारा बघते.

आता सरोवराकडची भिंत राहिली. ती सगळ्यात वाईट आहे. तिथला रंग खरवडावाही लागला नाही, हात लावला की पडतो. खाली उतार आणि खडक, शिडी नीट बसत नाही. वारा तर तिथे राहायलाच आलेला आहे. पहाटे तेवढा पडतो. मी वाट बघतेय.

तू वाचतोयस का हे? वाचत नसलास तरी लिहिल्याने बरं वाटतं.

मार्लिस

—

१३ ऑगस्ट, दुपार

ऑरिन,

आज सरोवराकडची भिंत सुरू केली. धुकं होतं, वारा नव्हता. अर्धी झाली असेल, मग काम थांबवावं लागलं.

काही विशेष नाही. टिप सारखी तुंबत होती. प्रायमर गाळून घ्यायचा राहिला होता. टिप उलटी फिरवून मारून पाहिलं, तरी थुंकल्यासारखं येत होतं. उजवा हात भरून आला होता म्हणून गन डाव्या हातात घेतली होती. यंत्र बंद केलं होतं मी, बटण बंदच होतं. मग टिप पुसली. चाप कसा दाबला गेला कळलं नाही. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला जरासं टोचलं.

रक्तही आलं नाही. एक पांढरा ठिपका आहे, टाचणी टोचल्यासारखा. साबणाने धुतलं. दुखत तर नाहीच, उलट बोट थोडं बधिर झालंय, म्हणून अक्षर असं आलंय. पेन नीट धरता येत नाही. मघापेक्षा बोट जरा जाड दिसतंय, पण ते मी सारखं बघतेय म्हणूनही असेल.

कॉफी केली आहे. ती पिऊन गन साफ करायला हवी, नाहीतर प्रायमर आत वाळेल. एक विचारायचं होतं, बटण बंद केलं तरी पाइपात दाब राहतो का? कर्टने काहीतरी सांगितलं होतं, एक खटका फिरवायचा आणि चाप दाबून बादलीत सोडायचं. मला वाटलं ते धुताना करायचं असतं.

पोस्टाची गाडी यायची वेळ झाली, म्हणून एवढंच.

मार्लिस

—

१७ ऑगस्ट, ड्युलुथ

ऑरिन,

हे अक्षर बेवचं आहे. मी सांगतेय आणि ती लिहितेय. मी सांगेन तेवढंच लिहायचं असं ठरलंय.

(ठरलेलं नाही. बेव.)

मी इस्पितळात आहे. घाबरू नकोस. त्या दिवशी पत्र पेटीत टाकून मी आत आले तर बेव झुकिनी घेऊन दारात. ऑगस्टात इथे सगळ्यांच्या बागेत ही भाजी उतू जाते, दार उघडं टाकायची सोय नाही, लोक झुकिनी ठेवून पळतात.

(मी पळाले नाही. मी म्हटलं, हात दाखव. ती म्हणाली, काही नाही, टोचलंय. बोट सॉसेजसारखं झालं होतं आणि ही गन धुवायला निघाली होती. माझा नवरा बोटीत लोखंडाचं खनिज भरतात त्या गोदीवर कामाला होता. त्यांच्याकडे तेलाच्या पाइपला बारीक चीर गेली आणि एकाच्या तळव्यात तेल घुसलं. तोही म्हणाला होता, टोचलंय. मी हिला तशीच गाडीत घातली, पायातल्या रंगाच्या बुटांसकट.)

गावातल्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने हसून विचारलं, काय झालं? मी म्हटलं, उगाच आले, जरासं टोचलं. बेवने मागून सांगितलं, रंगाच्या यंत्राने. तेव्हा ती हसायची थांबली. तिने मला काहीच विचारलं नाही, सरळ फोनकडे गेली. माणूस तुमच्याशी बोलायच्या ऐवजी फोनकडे जातो तेव्हा काय वाटतं ते मी सांगू शकत नाही. मग मला इकडे ड्युलुथच्या मोठ्या इस्पितळात आणलं.

रंग बोटातून आत तळव्यापर्यंत गेला होता. आत जाताना भोक टाचणीएवढं आणि आत सगळीकडे पांढरं. त्यांनी बोटापासून मनगटाच्या अलीकडेपर्यंत हात उघडला आणि धुतला. शिवला नाही. उघडाच ठेवलाय, वर पट्ट्या. तेलाचा प्रायमर आतलं मांस जाळतो, पाण्याचा रंग असता तर थोडं बरं झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

(हिने विचारलं, मग मी चुकीचा प्रायमर घेतला का? डॉक्टर बिचारा काय बोलणार.)

उद्या पुन्हा उघडणार आहेत. बोट राहील का ते उद्या कळेल. मी विचारलं, आणि हात? ते म्हणाले, उद्या बघू. रंगाऱ्यानेही असंच म्हटलं होतं, पुढच्या वर्षी बघू, पण त्याचं मला काही वाटलं नव्हतं.

ऑरिन, मला झोपवतात तेव्हा तोंडावर काहीतरी ठेवून आकडे मोजायला सांगतात. मला वाटतं मी मोजायची थांबले की ते हात घेऊन जातील आणि उठल्यावर सांगतील. अगं बेव, हे लिहू नकोस.

(लिहिलं. तुमचा फोन नंबर हिच्याकडे नाही, नुसता पोस्टाचा पत्ता आहे. भावाबहिणीत असं असतं हे मला माहीत नव्हतं. माझ्या बहिणीकडे मी इथे उतरले आहे, तिचा नंबर खाली देतेय. बेव कोतिला.)

—

२१ ऑगस्ट, घर

ऑरिन,

हे डाव्या हाताने लिहितेय. पहिलीतल्या मुलीचं अक्षर आहे. वाचता येईल तेवढं वाच.

पहिलं बोट गेलं. मुळापासून. बाकीचा हात राहिला. अंगठा हलतो, डॉक्टरांनी तो हलताना पाहिला आणि हायसं वाटून खुर्चीत बसले. आज बेवने घरी आणून सोडलं.

आत आले तर फोनवरचे निरोप साठवणाऱ्या यंत्राचा लाल दिवा लुकलुकत होता. मला वाटलं विमा कंपनी. दाबलं.

तुझा आवाज होता. आईच्या अंत्यविधीनंतर मी तो ऐकला नव्हता.

"मार्लिस, मी ऑरिन. तुझं पत्र आत्ता मिळालं. ते टोचलेलं नाही. इस्पितळात जा, आत्ता जा, आणि टोचलं म्हणू नकोस, रंग आत गेलाय म्हण. प्रायमर कुठला तो डबा बरोबर ने. मला फोन कर." आणि नंबर.

मग दुसरा. "मार्लिस, उचल."

मग नुसता श्वास, आणि मागे कुत्रा भुंकतोय. तू कुत्रा पाळलायस?

मग पुन्हा. "माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका माणसाला झालंय हे. तो दोन दिवस घरी बसला होता. तू घरी बसली असशील. तू घरीच बसली असणार, मला माहीतेय तुला. मार्लिस, मी तुझ्यावर रागावलेलो नाही. फोन उचल."

त्याच्या पुढच्यात तू पत्रावरची तारीख मोठ्याने वाचतोस. परत वाचतोस. मग म्हणतोस, "चार दिवस झाले," आणि फोन ठेवतोस. तू तो ठेवलास तेव्हा मी इस्पितळात दुसऱ्यांदा झोपायची वाट बघत पडले होते, आणि मला वाटत होतं की या जगात माझी काळजी करणारी एकटी बेव आहे.

शेवटचा कालचा. गाड्यांचा आवाज. "कुणीच उचलत नाही. पोलिसांना फोन केला, ते म्हणाले घराला कुलूप आहे. मी निघालोय. गाडी जुनी आहे, पण येईन."

मी तू दिलेल्या नंबरवर फोन केला. वाजत राहिला. रस्त्यात तुला गाठायचं कसं हे मला माहीत नाही. तू त्या खटाऱ्यातून येतोयस आणि तुला वाटतंय मी मेले असेन. झोप लागली तर? ट्रकखाली गेलास तर? मी दार उघडं ठेवून बसलेय. हे पत्र तुझ्या रिकाम्या घरात जाऊन पडेल, तरी लिहितेय, कारण लिहीत नसले की रस्ता दिसतो.

मार्लिस

—

३ सप्टेंबर

ऑरिन,

तू बाहेर आहेस. मला पंपाचा आवाज येतोय. मघाशी पाणी प्यायला आलास तेव्हा विचारलंस, काय लिहितेस? मी म्हटलं, किराणा. हे मी आजच पोस्टात टाकणार आहे, म्हणजे तू परत जाशील तेव्हा तिकडे तुझी वाट बघत असेल. तोंडावर मला हे बोलता येणार नाही, आणि तुला तर ऐकताही येणार नाही.

तू आलास त्या दिवशी दारात उभा राहिलास आणि म्हणालास, "हात." नमस्कार नाही, कशी आहेस नाही. मी पट्ट्यांचा हात पुढे केला. तू तो धरला नाहीस, खालून नुसता तुझा तळवा लावलास, वजन करावं तसा. मग म्हणालास, "खायला काय आहे?" बेवने बटाटा आणि खिम्याचं भांडं ठेवलं होतं, ते तू उभ्याउभ्याच संपवलंस. कुत्र्यालाही दिलंस. त्याचं नाव अजून तू मला सांगितलेलं नाहीस, 'ए' म्हणूनच हाक मारतोस.

दुसऱ्या दिवशी आपलं भांडण झालं. बेव म्हणते, रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं.

मी म्हटलं, ते यंत्र दुकानात परत दे, नाहीतर सरोवरात टाक.

"भिंत अर्धी राहिलीय."

"ब्रशने कर."

"ब्रशने करायला मी बर्फ पडेपर्यंत राहायला हवं."

"मग राहा," मी म्हटलं. पंधरा वर्षांपूर्वी आईच्या अंत्यविधीनंतर तू इथून गेलास तेव्हाची सगळी वाक्यं त्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली होती, आणि आपण दोघं त्यांना वळसा घालून आपापल्या कामाला गेलो.

मग तू मला अंगणात बोलावलंस. "बघ," म्हणालास. यंत्र बंद केलंस. मग गन बादलीत रोखून चाप दाबलास, आणि बंद यंत्राच्या पाइपातून रंग धाडकन बाहेर आला. मी मागे सरकले. तू खटका फिरवलास, पुन्हा चाप दाबलास, तेव्हा काही आलं नाही. गनचा चाप अडकवून ठेवलास आणि मगच टिपला हात लावलास. एवढंच. मी खटका फिरवला असता तर आज उजव्या हाताने लिहीत असते. तू हे म्हणाला नाहीस. म्हणशील म्हणून मी पूर्ण दिवस थांबले होते.

विमा कंपनीला तूच फोन केलास. मी दुसऱ्या खोलीतून ऐकत होते. "माझ्या बहिणीचं घर," म्हणालास तू. माझं, आईचं, आपलं, यातलं काहीही म्हणू शकला असतास. त्यांनी ऑक्टोबर संपेपर्यंत वेळ वाढवून दिला आहे, पण तू म्हणालास लागणार नाही.

आता खरं सांगते. तू ते यंत्र चालवतोस तेव्हा मला आत बसवत नाही. पंप चालू असतो तोवर ठीक. मला माहीत असतं की तू भिंतीकडे तोंड करून उभा आहेस, हात हलतोय. पंप थांबला की मी खुर्चीच्या कडेला येते. टिप तुंबली असेल. तू ती पुसत असशील. तू तीस वर्षं हेच करतोयस, हे मी स्वतःला सांगते. पण तीस वर्षांत माणूस दमतो, विसरतो, गन दुसऱ्या हातात घेतो. परवा तीनदा मी उठून धावले. तिसऱ्यांदा तू मला खिडकीत पाहिलंस. नंतर जेवताना म्हणालास, "तू असं बघत राहिलीस तर मीच शिडीवरून पडेन."

मी म्हटलं, "मग काय करू?"

तू विचार केलास. "काही नको करू. बस."

आणि तेव्हापासून तू हे करतोस. मी तुला सांगितलं नव्हतं. दरवेळी पंप थांबला की खडकांवरून तुझ्या बुटांचा आवाज येतो. तू त्या खिडकीशी येतोस आणि दोन्ही हात वर धरतोस, तळवे माझ्याकडे, बोटं ताणून. मी मोजते. मान हलवते. मग तू परत जातोस. आपण यावर एक शब्द बोललो नाही, आणि बोलू नये असं मला वाटतं.

बाकीच्या तीन बाजूंना तू रंग दिलास, ही भिंतही आज संध्याकाळपर्यंत होईल. मग तू किती दिवस राहणार हे मी विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते. या वेळी मी विचारणार आहे, पण उद्या.

पंप आत्ता थांबला.

बूट येतायत. थांब, बघते.

दहा.

मार्लिस